माल सुटेपर्यंत
(लहान आयातदारांसाठीच्या पुस्तकाची प्रस्तावना)

पनवेल, कामोठे, कळंबोली, करंजाडे या पट्ट्यातल्या तरुणांच्या तोंडी गेल्या काही वर्षांत एक प्रश्न हमखास असतो. चीनहून माल मागवून ॲमेझॉन-फ्लिपकार्टवर विकला, तर नगामागे किती सुटतात? विचारणाऱ्याच्या फोनमध्ये बहुतेक वेळा एखाद्या चिनी पुरवठादाराने पाठवलेला फोटो असतो, खाली डॉलरमधला भाव असतो, आणि तीच वस्तू इथे चौपट किमतीला विकली जात असल्याचा दुसरा फोटो असतो. दोन फोटोंमधला फरक म्हणजे नफा, असा हिशेब मनात पक्का झालेला असतो. हे पुस्तक त्या दोन फोटोंच्या मधल्या जागेविषयी आहे. तिथे बंदर आहे, कस्टम्स आहे, बँक आहे, गोदाम आहे, आणि ग्राहकाने दारातूनच परत पाठवलेले पार्सलही आहे.

परदेशी मालाचा धंदा पनवेलला नवा वाटतो, पण मालाची वाट गावातून जाणे मुळीच नवे नाही. रेल्वे येण्याआधी मुंबईचा माल होड्यांतून खाडीमार्गे पनवेल बंदरात उतरे आणि बैलगाड्यांनी बोरघाट चढून पुण्याकडे, देशावर जाई. १८३० मध्ये घाटातला गाडीरस्ता खुला झाला आणि ही रहदारी वाढली. १८५२ मध्ये पनवेलला नगरपालिका आली, ती अशा गजबजलेल्या गावात. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरने पनवेलचा मुख्य उद्योग म्हणून बैलगाडीच्या चाकांची नोंद केली आहे. देशावरच्या शेतकऱ्याला पनवेलच्या चाकांची जोडी हवीशी वाटे. १८६३ मध्ये रेल्वे बोरघाट चढली, मालाची वाट कर्जतवरून गेली आणि पनवेलचे बंदर मागे पडले. या सगळ्या काळात गावाला चाकांचे, गाड्यांचे, हमालीचे आणि मुक्कामाचे पैसे मिळत होते. गाडीतला माल कोणाचा आणि त्यावरचा नफा कोणाचा, हा निराळा हिशेब होता.

शंभर-सव्वाशे वर्षांनी मालाची वाट पुन्हा इकडे वळली. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा बंदर सुरू झाले. त्याआधी १९८४ च्या जानेवारीत जासई-दास्तान फाट्याच्या परिसरात संपादित जमिनीच्या मोबदल्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले, दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या त्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना त्या लढ्यातून आली. आज उरण-पनवेलच्या कितीतरी घरांत ट्रेलर आहेत, कोणाची जागा कंटेनर यार्डला भाड्याने दिलेली आहे, कोणाचा मुलगा सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात, सर्व्हेअर आहे, कोणी कस्टम्स ब्रोकरच्या, म्हणजे आपल्याकडे अजूनही ज्याला सीएचए म्हणतात त्याच्या ऑफिसात फायली फिरवतो. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. म्हणजे समुद्र, रस्ता आणि आकाश या तिन्ही वाटांनी माल आता आपल्या दारावरून जाणार. तरीही या कंटेनरच्या कागदांवर आयातदार म्हणून पनवेलच्या माणसाचे नाव माझ्या पाहण्यात क्वचित येते. नाव मस्जिद बंदरचे असते, दिल्लीच्या सदर बाजारचे असते, सुरतचे असते. आपण अजून चाकेच पुरवतो आहोत, हे माझे या विषयातले खरे दुखणे आहे आणि पुस्तक लिहिण्याचे कारणही तेच.

मालाचे मालक होण्याला आता परवान्यांची आणि भांडवलाची अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही. परमिट-लायसन्सच्या काळात परदेशी घड्याळ किंवा टेपरेकॉर्डर हवा असेल तर आखातातून येणारा नातेवाईक किंवा मुंबईतल्या मनीष मार्केटसारखे बाजार, एवढेच मार्ग होते. १ एप्रिल २००१ रोजी उरलेल्या ७१५ वस्तूंवरची संख्यात्मक बंधने उठली, त्याच वर्षाच्या डिसेंबरात चीन जागतिक व्यापार संघटनेत गेला. यिवूच्या घाऊक बाजारातली आणि क्वांगचौच्या कँटन फेअरमधली वस्तू कोणालाही मागवता येऊ लागली. २०१३ मध्ये ॲमेझॉन भारतात आले आणि दुकानाची पागडी न भरता विकण्याची सोय झाली. आयातीसाठी लागणारा आयईसी हा क्रमांक विदेश व्यापार महासंचालनालयाच्या (डीजीएफटी) संकेतस्थळावर ५०० रुपये शुल्क भरून घरबसल्या मिळतो. त्यासाठी हजारो रुपये मागणाऱ्या, सरकारी वाटेल अशा खासगी संकेतस्थळांपासून लांब राहावे. एप्रिल ते जून या काळात आयईसीची माहिती दरवर्षी अद्ययावत करावी लागते, नाहीतर तो बंद पडतो. हे विसरल्याचे लक्षात येते तेव्हा बहुधा माल समुद्रात असतो.

मधल्या काळात एक चोरवाटही चालून झाली. चिनी खरेदी-ॲपवरून मागवलेले कपडे, पर्स, मोबाइलची कव्हरे 'भेटवस्तू' म्हणून पार्सलने येत, कारण पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटीवर शुल्क नव्हते. काहींनी घरातल्या सगळ्यांच्या नावाने पार्सले मागवून तीच ऑनलाइन विकली. १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेने भेट म्हणून होणारी ही आयात बंद केली. सूट राहिली ती जीवरक्षक औषधांना आणि राखीला. राखीसोबतच्या मिठाईला किंवा भेटीला नाही, फक्त राखीला! आपल्या सरकारी अधिसूचनांत भावाबहिणीची एवढी बारीक दखल दुसरीकडे कुठे घेतलेली मला आठवत नाही. पुढे २०२० मध्ये शीन, क्लब फॅक्टरी आणि अलीएक्सप्रेस ही ॲपच बंद झाली. भेटीच्या नावाखाली माल आणता येतो असे सांगणारे आजही भेटतात. त्यांचे ऐकू नका.

आता त्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. समजा एका वस्तूचा माल, जहाजाचे भाडे आणि विमा मिळून नगामागे १०० रुपये पडले. तिच्यावर मूळ सीमाशुल्क २० टक्के आहे असे धरू. २० रुपये शुल्क, त्या शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार म्हणजे २ रुपये. आयजीएसटी लागतो तो १०० वर लागत नाही, १२२ वर लागतो. १८ टक्क्यांनी २१ रुपये ९६ पैसे. बंदरातून सुटताना वस्तू १४३ रुपये ९६ पैशांची झाली. जीएसटी नोंदणी असेल तर आयजीएसटीचे क्रेडिट पुढे मिळते, म्हणून तो खर्चात धरायचा नाही, पण रोख मात्र आज भरायची आणि वसूल व्हायची विक्रीनंतर. त्यावर सीएचएची फी, शिपिंग लाइनचे डिलिव्हरी ऑर्डरचे (डीओ) चार्जेस, सीएफएसचे हाताळणी-भाडे, पनवेलपर्यंतचा टेम्पो. ही रक्कम नगावर ठरत नाही, खेपेवर ठरते. हजार नगांच्या खेपेवर १५,००० खर्च आला तर नगामागे १५ रुपये. तोच खर्च दोनशे नगांवर आला तर नगामागे ७५. लहान खेप आणून धोका कमी करू म्हणणारा माणूस नेमका इथे अडकतो.

हजार नग आणले असे समजू. वस्तू १३७ ला (१२२ अधिक १५) पडली. ऑनलाइन ३४९ ला विकली, त्यातला जीएसटी वजा जाता हाती २९५ रुपये ७६ पैसे. म्हणजे १५८ रुपये राहिले असे वाटते. त्यातून प्लॅटफॉर्मचे कमिशन, ठरावीक शुल्क आणि कुरिअर मिळून १०५ गेले असे धरा, जाहिरातीला २५ धरा. उरले २८-२९. आता परत येणारा माल. सीओडीवर, म्हणजे पोचल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर, मागवलेले पार्सल दारातून परत जाते, कोणी वापरून परत करते, कोणाचा डबा फुटून येतो. जाता-येताचे कुरिअर आणि न विकण्याजोगे नग धरले की नगामागे १५-२० रुपये राहिले तर धंदा बरा चालला म्हणायचे. दोनशे नगांच्या खेपेत हाच हिशेब तोट्यात जातो. आकडे मी समजुतीसाठी घेतले आहेत, वस्तूगणिक ते बदलतील. क्रम बदलणार नाही. प्लॅटफॉर्म ०.५ टक्के टीसीएस आणि ०.१ टक्के टीडीएसही कापतो. ते पुढे वळते होतात, पण तोवर पैसे अडकलेलेच.

म्हणून पुस्तकाचा सगळ्यात मोठा भाग मी कागदांना दिला आहे. वाचक कंटाळेल याची कल्पना आहे. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टम्सकडे दाखल करायचा कागद, सीमाशुल्क कायदा १९६२ चे कलम ४६, हे काही कोणाला स्वप्नात दिसत नाही. पण माल आपण रीतसर आयात केला हे या कागदाने दाखवता येते, क्रेडिट याच्यावर मिळते आणि उद्या प्लॅटफॉर्मने मालाचा उगम विचारला तर हाच दाखवायचा असतो. जहाज लागण्याच्या आदल्या दिवसापर्यंत तो दाखल व्हायला हवा. उशीर झाला तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि त्यापुढे रोज १०,००० रुपये दंड. वस्तूचा एचएसएन, म्हणजे वर्गीकरण क्रमांक, कोणता यावर शुल्काचा दर ठरतो, आणि इथेच हुशारी केली जाते. कमी दराचा एचएसएन टाकला, परीक्षणात दुसरा ठरला, की फरक, व्याज आणि दंड. २०२० च्या ऑक्टोबरपासून फेसलेस पद्धत देशभर आहे. न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाचे मूल्यांकन करणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात बसलेला असू शकतो. 'आपली ओळख आहे' हे वाक्य आमच्या भागात फार ऐकू येते. तिथे ते चालत नाही. वर्णन नेमके लिहिलेले असेल, कॅटलॉग जोडलेला असेल, तर सहसा शंका उपस्थित होत नाही आणि माल लवकर सुटतो.

माल अडला की घड्याळ दोन ठिकाणी चालू होते. सीएफएसचे जागाभाडे एकीकडे, शिपिंग लाइनचे कंटेनर अडवून ठेवल्याचे डिटेन्शन दुसरीकडे. अडलेल्या मालाचे भाडे मालाच्या किमतीपुढे गेले की आयातदार फोन उचलत नाही. उतरल्यापासून ३० दिवसांत न सोडवलेला माल नोटीस देऊन विकण्याची तरतूद कलम ४८ मध्ये आहे, आणि न्हावा शेव्याच्या लिलावांत असा माल येत राहतो. तो पाहावा. कोणत्या वस्तूंत लोक फसतात हे समजण्याची ती फुकटची शाळा आहे.

फसण्याची ठिकाणे ठरलेली आहेत. खेळणी घ्या. दिवाळी-नाताळला खपणारी, हलकी, फोटोत गोड दिसणारी, म्हणून नवशिक्याचे मन पहिल्यांदा तिथे जाते. २०२० मध्ये खेळण्यांवरचे शुल्क २० वरून ६० टक्के झाले, २०२३ मध्ये ७०. त्याहून मोठी भिंत म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचे झालेले भारतीय मानक ब्युरोचे (बीआयएस) प्रमाणपत्र. हा परवाना परदेशातल्या कारखान्याने घ्यायचा असतो. आपण इथून अर्ज करून तो मिळत नाही. पॉवर बँक, चार्जर, स्मार्ट वॉच, ब्लूटूथ स्पीकर यांचेही तसेच: नोंदणी कारखान्याच्या नावाने हवी. पुरवठादार 'सर्टिफिकेट आहे' म्हणतो आणि युरोपचे सीई पाठवतो. त्याचा इथे उपयोग नाही. सौंदर्यप्रसाधनांना औषध नियंत्रकांची नोंदणी, खाण्याच्या वस्तूंना एफएसएसएआय, ड्रोन तर फेब्रुवारी २०२२ पासून तयार स्वरूपात आणताच येत नाही. आणि नामांकित ब्रँडची 'फर्स्ट कॉपी' हा विषय मी एका ओळीत संपवतो: ती नक्कल आहे, ब्रँडमालक कस्टम्सकडे नोंदणी करून अशी खेप थांबवू शकतो, आणि या पुस्तकात तिच्यासाठी एकही प्रकरण नाही.

लेबल ही त्या मानाने किरकोळ गोष्ट, पण किरकोळ म्हणूनच राहून जाते. आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, नगसंख्या, सर्व करांसह एमआरपी, तक्रारीसाठी संपर्क. हे पाकिटावर नसेल तर माल बाजारात जाऊ शकत नाही, आणि मग बॉण्डेड गोदामात मजूर लावून एकेक लेबल चिकटवण्याची पाळी येते. मजकूर आधीच पाठवून कारखान्यातच छापून घ्यावा. खर्च जवळपास शून्य.

सध्या सगळ्यात जास्त भुरळ घालणारी योजना आहे 'डोअर टू डोअर, किलोवर'. चीनमधल्या एजंटच्या गोदामात माल पोचवा, किलोमागे अमुक रुपये द्या, सगळे कर धरून माल पनवेलला घरी. आयईसी नको, सीएचए नको. ऐकायला इतके सोपे की शंका घेणारा मूर्ख ठरतो. पण माल कोणाच्या तरी दुसऱ्याच्या आयईसीवर, काय वर्णनाने आणि किती किमतीने उतरला, हे आपल्याला कळत नाही. बिल ऑफ एंट्री आपल्या नावाचे नाही, म्हणून आयजीएसटीचे क्रेडिट नाही. माल जप्त झाला तर दाद मागायला कागद नाही. आणि माल विकताना पाकिटावर आयातदार म्हणून नाव कोणाचे छापणार? या मार्गाने सुरुवात करून 'नंतर कायदेशीर करू' म्हणणाऱ्यांचा भावच त्या चोरीवर बेतलेला असतो. कर भरायची वेळ आली की भाव परवडत नाही, आणि धंदा तिथेच थांबतो. किंमत कमी दाखवून उरलेले पैसे हवाल्याने पाठवणे हा याचाच थोरला भाऊ. कस्टम्सकडे त्याच वस्तूच्या इतरांच्या आयातीचे भाव असतात, आणि परकीय चलनाचा कायदा वेगळाच मागे लागतो.

मग करायचे काय? माझे मत थोडे उलटे वाटेल. आधी विकायला शिका, आणायला नंतर. अब्दुल रेहमान स्ट्रीट, लोहार चाळ, क्रॉफर्ड मार्केट इथल्या घाऊक व्यापाऱ्याकडून आलेलाच परदेशी माल रीतसर बिलाने पन्नास-शंभर नग घ्या आणि ऑनलाइन विका. दोन पैसे जास्त मोजावे लागतील. पण कोणता रंग परत येतो, कुठल्या फोटोवर बोट थांबते, कोणत्या पिनकोडवरून सीओडी नाकारली जाते, हे आपल्या खात्यात जमा होते. तीच वस्तू महिनोन्‌महिने खपली की मग स्वतः मागवा. एकाच प्रकारच्या वस्तूंत राहा. कुत्र्यांच्या सामानातला माणूस त्यातच राहिला तर तीन वर्षांनी त्याला कारखान्याच्या मालकापेक्षा पट्ट्याचे बक्कल जास्त कळते. आज फोनचे स्टँड, उद्या किचन गॅजेट, परवा दिव्यांची माळ असे करणाऱ्याच्या घरी पलंगाखाली डेड स्टॉक असतो.

कारखान्याशी व्यवहार बहुधा ३० टक्के आगाऊ आणि ७० टक्के माल निघताना, असा होतो. पैसे कंपनीच्या खात्यावर, बँकेतून. कोणा 'मॅनेजर'च्या खासगी खात्यावर नाही. उरलेले ७० टक्के देण्याआधी त्रयस्थाकडून माल तपासून घ्या. नमुना चांगला होता, खेप तशी नाही, ही तक्रार माल पनवेलला पोचल्यावर केली तर तिला अर्थ उरत नाही. वेळेचेही गणित आहे. चिनी नववर्षाला जानेवारी-फेब्रुवारीत कारखाने बंद असतात. समुद्रप्रवासाला दोन-तीन आठवडे, त्याआधी उत्पादन, त्यानंतर बंदर. दिवाळीचा माल जून-जुलैत मागवला नाही तर तो तुळशीच्या लग्नाला येतो. आणि पावसाळ्यात येणारी खेप पनवेलच्या तळमजल्याच्या गाळ्यात उतरवायची असेल तर लाकडी पॅलेट आधी आणा. गाढी नदीकाठच्या वस्त्यांना वेगळे सांगायला नको. पण नुसत्या दमट हवेनेही पुठ्ठ्याचे खोके नरम होतात, आणि नरम खोक्यातली चांगली वस्तूही ग्राहक परत करतो.

या विषयावरचे महागडे वर्ग सध्या गल्लोगल्ली आहेत. त्यात सांगितलेले सगळेच खोटे असते असे नाही. आयईसी कसा काढायचा ते बरोबर सांगतात. फक्त शिकवणाऱ्याचे उत्पन्न आयातीतून येते की वर्गाच्या फीतून, एवढे विचारावे. त्याने स्वतःच्या नावाचे, अलीकडचे एक बिल ऑफ एंट्री दाखवले तर फी भरावी. त्या पैशात सीएचएच्या ऑफिसात तीन महिने बिनपगारी बसायला मिळाले तर मी ते आधी निवडीन, आणि पनवेलच्या मुलाला ही संधी देशातल्या बहुतेक मुलांपेक्षा जवळ आहे. ज्यांच्या घरातले कोणी बंदरात, सीएफएसमध्ये, ट्रेलरवर आहे, त्यांनी तर ही प्रस्तावना बाजूला ठेवून आधी घरातल्या माणसाशी बोलावे.

पुस्तकातले शुल्काचे दर आणि अधिसूचना छपाईला जाण्याच्या वेळच्या आहेत. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात त्या बदलतात, आणि वर्षाच्या मध्येही. ऑर्डरचे आगाऊ पैसे पाठवण्याच्या दिवशी आपल्या वस्तूचा एचएसएन, त्यावरचा दर आणि बीआयएसची अट, या तीन गोष्टी सरकारी संकेतस्थळावर पुन्हा तपासून घ्याव्यात, आणि मगच बँकेत जावे.